घोडा का अडला?

सचिन तेंडुलकरची लाल फेरारी २०११ मध्ये सुरतेच्या एका व्यावसायिकाने विकत घेतली. मुंबईची गाडी तापीच्या मुखाशी गेली. सुरतेहून पूर्वेला निघालेला महामार्ग व्यारा, सोनगड ओलांडून नवापूरला नंदुरबार जिल्ह्यात शिरतो आणि विसरवाडीवरून कोंडाईबारीच्या घाटातून धुळ्याकडे जातो. ती फेरारी या वाटेने कधी आली असेल असं मला वाटत नाही. तिचं पोट जमिनीपासून वीतभरही उंच नाही, आणि चौपदरीकरणाच्या नावाखाली हा रस्ता इतकी वर्षं उकरून पडला होता की ट्रकवालेसुद्धा शिव्या घालत जात. एमएच ३९ पासिंगच्या गाड्यांत बोलेरो, पिकअप आणि ट्रॅक्टर यांचीच गर्दी का, हे या रस्त्याने जाऊन आलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

तरीही महागडं, वेगवान वाहन सुरतेच्या बंदरात उतरवायचं आणि या बाजूने आत न्यायचं, हा उद्योग नंदुरबारला नवा नाही. फेरारीच्या चारशे वर्षं आधी तो चालू होता. तेव्हाची वाहनं मात्र इथवर येत आणि आल्यावर वापरली जात. कोटीची गाडी रोज रस्त्यावर काढावी की कापड घालून झाकून ठेवावी, यावर आजचे शौकीन तासन्‌तास वाद घालतात. त्या वादाची वंशावळ घोड्यापर्यंत मागे जाते आणि तिची निदान एक शाखा तापीच्या काठाने जाते, म्हणून हा मागोवा.

इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सप्टेंबर १६१५ मध्ये सुरतेला उतरला. उतरल्या उतरल्या सामानाच्या झडतीवरून आणि जकातीवरून सुरतेच्या अधिकाऱ्यांशी त्याची खडाजंगी झाली. ऑक्टोबरच्या अखेरीस त्याचा काफिला निघाला आणि व्यारा, नंदुरबार, थाळनेर अशा मजला मारत नोव्हेंबरच्या मध्यावर बऱ्हाणपूरला पोचला. सुरत ते बऱ्हाणपूर हा तेव्हाचा राजरस्ता होता आणि नंदुरबार त्यावरचं भरभराटीचं ठाणं. रोने जहांगीरसाठी जो नजराणा आणला होता त्यात एक इंग्रजी घोडागाडी होती. ती हाकायला इंग्रज गाडीवानही दिला होता. त्या काळच्या हिंदुस्थानात अशी बंदिस्त, चार चाकी, गादीची गाडी म्हणजे नवलाईची परदेशी वस्तू.

जहांगीरने तिचं काय केलं ते रोच्या वकिलातीतल्या लिखाणांतून कळतं. बादशहाने ती कारागिरांकडून खोलवली, हुबेहूब तशी दुसरी बनवून घेतली, आणि मूळ गाडीचं आतलं मखमली अस्तर फाडून त्या जागी जरीचं कापड बसवलं, पितळेच्या खिळ्यांच्या जागी चांदीचे खिळे ठोकले. शोरूममधून गाडी बाहेर पडली की थेट सीट कव्हरच्या दुकानात नेण्याची आपली खोड किती जुनी आहे, याला हा पुरावा पुरेसा व्हावा. १६१६ च्या नोव्हेंबरात अजमेर सोडताना बादशहा त्या नव्या गाडीत बसला, आणि सजवलेली मूळ गाडी नूरजहानला मिळाली. रोला आपला नजराणा उसवलेला पाहून वाईट वाटलं असेल. पण गाडी कोठीत धूळ खात पडली नाही, एवढं खरं.

ही झाली बग्गी. वेगाचं खरं वाहन घोडा, आणि चांगला घोडा समुद्रावरून यायचा. इराण, अरबस्तान, इराकमधून घोडे जहाजाने पश्चिम किनाऱ्याच्या बंदरांत उतरत. ते इतके महाग असत की दख्खनच्या सुलतानांचं आणि विजयनगरचं निम्मं राजकारण बंदरं ताब्यात ठेवण्याभोवती फिरे. गोवा पोर्तुगीजांनी घेतलं तेव्हा घोड्यांचा व्यापारही त्यांनी मुठीत घेतला. तेराव्या शतकाच्या शेवटी मार्को पोलो तमिळ किनाऱ्यावर येऊन गेला. त्याने एक मजेदार तक्रार लिहून ठेवली आहे: इथले राजे दरवर्षी हजारो घोडे अफाट किमतीला विकत घेतात आणि वर्ष सरायच्या आत त्यातले बहुतेक मरतात, कारण इथे घोडा सांभाळायची अक्कल कुणाला नाही आणि नालबंदही नाहीत. वर तो असंही म्हणतो, की घोडे आणणारे व्यापारी नालबंदांना मुद्दाम इकडे येऊ देत नाहीत. घोडे मेले तर पुढच्या वर्षी पुन्हा विकता येतात. पोलोच्या प्रत्येक शब्दावर विश्वास ठेवायची गरज नाही. पण ज्याने परदेशी गाडीचा एक सेन्सर महिनाभर वाट पाहून मागवला आहे, त्याला हा व्यापार ओळखीचा वाटेल.

मराठ्यांनी हा धडा नीट घेतला. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची रचना दिली आहे: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि प्रत्येक पंचविसांमागे एक नालबंद आणि एक पखालजी. घोड्यांची संख्या सांगताना नाल ठोकणारा आणि पाणी घालणारा यांचीही गणती करणारं सैन्य घोडा रोज पळणार आहे हे गृहीत धरून चालतं. १६७३ च्या मे महिन्यात महाराजांनी चिपळूणजवळ दळवटण्याच्या छावणीला पाठवलेलं पत्र प्रसिद्धच आहे. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, या अर्थाने ते उद्धृत केलं जातं. त्यातला बराचसा मजकूर मात्र दाणा-वैरणीच्या हिशोबाचा आहे. पावसाळ्यासाठी साठवलेलं आत्ताच उधळलंत तर पुढे घोडी उपाशी मरतील, असं त्यात बजावलं आहे. गाडी घेणाऱ्याने पेट्रोलचा आणि सर्व्हिसिंगचा हिशोब आधी करावा तसा हा राजा चंदीचा हिशोब करत होता.

या घोड्यांत अरबी रक्त होतं, पण ते सगळे अरबी नव्हते. भीमा-नीरेच्या खोऱ्यात स्थानिक तट्टांशी अरबी, तुर्की घोड्यांचा संकर होऊन जी जात तयार झाली ती भीमथडी. उंचीला बेताची, खाणं कमी, खूर टणक, दगडधोंड्यांतून दिवसभर चालायला तयार. मोहिमेला तीच, मुक्कामाला तीच, आणि दसऱ्यानंतर मुलूखगिरीला निघेपर्यंत गावच्या बाजारालाही तीच. ‘भीमथडीच्या तट्टांना यमुनेचं पाणी पाजलं’ हे वाक्य आपण छाती फुगवून म्हणतो. ती तट्टं मोहिमेवर निघायच्या आदल्या आठवड्यात कुणाच्या तरी शेतावर जाऊन आली होती, हे त्यात सांगितलेलं नसतं. २०२४ च्या सुरुवातीला कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. देशातली ही आठवी नोंदलेली अश्वजात. यमुनेचं पाणी पिऊन आल्यावर कागदावर यायला तिला अडीचशेहून अधिक वर्षं लागली.

जपून वापरण्याची गोष्टही इथेच सुरू होते. सैन्यात स्वार दोन प्रकारचे. बारगिराचा घोडा सरकारी पागेतला, त्यामुळे तो मेला तर नुकसान सरकारचं. शिलेदार मात्र स्वतःचा घोडा आणि स्वतःचं हत्यार घेऊन चाकरीला येई. त्याचा घोडा म्हणजे त्याचं भांडवल, त्याची पत, बहुधा घरातली सगळ्यात महाग वस्तू. तो लढाईत पडला तर शिलेदार एका दिवसात पायउतार. पगाराच्या तुलनेत घोड्याची किंमत इतकी असे की भरपाई मिळेल की नाही या चिंतेने स्वार हात राखून लढतो, असा आक्षेप इंग्रज लष्करी लेखकांनी या पद्धतीवर पुन्हा पुन्हा घेतला. गंमत म्हणजे तीच पद्धत त्यांनी आपल्या हिंदी रिसाल्यांसाठी उचलली आणि पहिल्या महायुद्धाचा दणका बसेपर्यंत चालवली. आपल्या मालकीची महाग वस्तू धोक्यात घालायची नाही ही शिलेदाराची भावना मला अगदी समजते. पावसाचा थेंब पडला की स्पोर्ट्‌स कार बाहेर न काढणारा आजचा मालक त्याचाच वारस आहे. शिलेदार निदान रोज घोड्यावर बसत होता. त्याने हात राखला तो रणात.

कारण घोडा बसवून ठेवता येत नाही. पान का सडलं, घोडा का अडला, भाकरी का करपली, या कोड्याचं उत्तर मराठी घरात पोराटोरांनाही येतं: फिरवलं नाही म्हणून. त्यामागे पक्कं शरीरशास्त्र आहे. युरोपात गाड्या ओढणारे घोडे रविवारी तबेल्यात उभे राहत, चंदी मात्र रोजच्याइतकीच खात. सोमवारी सकाळी जुंपले की त्यांच्या मांड्यांचे स्नायू दगडासारखे कडक होत आणि लघवी कॉफीच्या रंगाची. डॉक्टरांनी त्या दुखण्याला सोमवार सकाळचंच नाव दिलं होतं. उभ्या घोड्याचे पाय सुजतात, खूर बिघडतात, डोकं फिरतं ते वेगळंच. म्हणून मोतद्दार सकाळी खरारा करून घोडा फिरवून आणतो, मालक बसो वा न बसो.

फिरवलेला घोडा शिकतोही. मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांत रेवाल नावाची एक चाल आहे. दुडक्या चालीत स्वार वरखाली आपटतो. रेवाल चालीत पाठ जवळजवळ हलत नाही आणि वेग मात्र चांगला राहतो. वाळवंटात लांबचा पल्ला गाठायला ही चाल सोन्यासारखी. काही घोडे ती जन्मजात घेऊन येतात, पण ती पक्की होते स्वारीनेच. चालीच्या घोड्याला बाजारात वेगळा भाव मिळे, आजही मिळतो. वापरल्याने त्या वस्तूची किंमत वाढत होती, हे लक्षात ठेवा. पुढे याचा नेमका उलटा हिशोब येणार आहे.

खान्देशात घोड्याइतकाच मान दमणीच्या बैलांना होता. दमणी म्हणजे हलकी, दोन चाकी, वर छत असलेली सवारीची गाडी. पाटला-देशमुखाच्या दाराशी उभी असायची. मालाचा खटारा वेगळा. सातपुड्याच्या पायथ्याला ठेलारी लोकांनी जोपासलेला पांढरा तापी खिलार हा चपळ बैल. तो दमणीला जुंपला की तालुक्याला जाऊन दिवे लागणीला माणूस परत. हाच बैल शर्यतीलाही पळे आणि पेरणीलाही चाले. आज शर्यतीचा बैल वेगळा झाला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. या सगळ्या काळात बैलाची किंमत वाढतच गेली. दूध-अंडी खाणारा लाखांचा बैल नांगराला कोण जुंपेल?

मोटारीच्या जगातही सुरुवात अशीच एकत्र कुटुंबाची होती. फ्रान्समध्ये ल माँ गावाजवळ १९२३ मध्ये चोवीस तासांची शर्यत सुरू झाली ती रस्त्यावरच्या गाड्यांची कसोटी म्हणून. दिवे, मडगार्ड, कापडी टप असलेल्या गाड्याच तिथे पळत. इटलीत मिले मिलिया ही हजार मैलांची शर्यत १९२७ पासून चक्क सार्वजनिक रस्त्यांवर, गावागावांतून व्हायची. भीषण अपघातानंतर १९५७ मध्ये ती बंद झाली. गाडी घेऊन शर्यतीला जायचं, पळवायची, आणि ती धड राहिली तर त्याच गाडीने घरी यायचं. स्पोर्ट्‌स कार या जातीचा जन्म त्या काळातला.

एन्झो फेरारीला खरा रस शर्यतींत होता. १९४७ मध्ये त्याची स्वतःच्या नावाची पहिली गाडी बाहेर पडली. त्यानंतर श्रीमंतांना रस्त्यावरच्या गाड्या विकून तो शर्यतीच्या चमूचा खर्च भागवत राहिला. त्याच्या गाडीवर मागच्या पायांवर उभा राहिलेला काळा घोडा आहे, तो पहिल्या महायुद्धातल्या फ्रांचेस्को बाराक्का या वैमानिकाचा. बाराक्का मूळचा घोडदळातला. १९१८ मध्ये तो मारला गेला आणि १९२३ मध्ये एका शर्यतीनंतर त्याच्या आईने एन्झोला सुचवलं, माझ्या मुलाचा घोडा तुझ्या गाडीवर लाव, शुभ ठरेल. पोर्शेच्या चिन्हातही घोडा आहे. यंत्राची ताकद मोजायला जेम्स वॉटने घोडाच धरला होता. तेंडुलकरच्या फेरारीत चारशे घोडे होते.

लँबोर्गिनीच्या चिन्हात बैल आहे, आणि आमच्या शहादा-तळोद्याच्या शेतकऱ्याला ही कंपनी जवळची वाटायला हरकत नाही. फेरुच्चो लँबोर्गिनी शेतकऱ्याचा मुलगा. महायुद्धानंतर पडून राहिलेल्या लष्करी यंत्रांच्या सुट्या भागांतून त्याने ट्रॅक्टर जोडायला सुरुवात केली आणि १९४८ मध्ये ट्रॅक्टरचा कारखाना काढला. त्याच्या फेरारीचा क्लच वारंवार बिघडायचा. तक्रार घेऊन गेला तेव्हा एन्झोने, तू ट्रॅक्टर चालव, असं ऐकवलं आणि त्या रागातून लँबोर्गिनी मोटार जन्मली, अशी कथा सांगतात. कथा किती खरी ते सोडा. १९६३ मध्ये त्याने मोटारीचा कारखाना काढला एवढं नक्की, आणि रोज चालवता येईल अशी वेगवान गाडी हवी, हीच त्याची मागणी होती. पुढे त्याच कारखान्यातून काउंटाक निघाली. मागचं काही दिसत नसल्याने दार उघडून उंबऱ्यावर बसून ती रिव्हर्स घ्यावी लागे. पोरांनी तिची पोस्टरं भिंतीवर लावली. रोज चालवणार कोण?

इथे वाट फुटली. एका वाटेने पोर्शे ९११ गेली. १९६३ मध्ये लोकांसमोर आलेल्या या गाडीला मागे दोन लहान सीट, पुढे सामानाला जागा. जर्मनीत डॉक्टर-वकील ती रोज कामावर नेत आणि आजही नेतात. १९९० मध्ये होंडाने एनएसएक्स काढली आणि फेरारीच्या वेगाची गाडी मारुतीइतक्या भरवशाने सुरू होऊ शकते हे दाखवलं. दुसऱ्या वाटेने गेलेल्या गाड्या गुंतवणूक झाल्या. १९८० च्या दशकाच्या शेवटी जुन्या फेरारींचे भाव असे चढले की लोक गाड्या शेअरसारख्या घेऊ लागले. शेअर कुणी चालवत नाही.

भारतात या गोष्टीला जकातीची फोडणी. पण त्याआधी आपल्याकडे १९९८ मध्ये गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची दोन आसनी, उघड्या टपाची गाडी तयार झाली. फायबरचं अंग, रेनोचं ११४९ सीसीचं इंजिन, साठेक अश्वशक्ती. आकाराने स्पोर्ट्‌स कार, ताकदीने बाजारहाट. कमी खपली, पण माझ्या मते तो प्रयत्न प्रामाणिक होता: इथल्या रस्त्यावर, इथल्या माणसाला रोज परवडेल असा शौक. तो चालला असता तर ही कथा निराळी झाली असती.

त्याऐवजी कथेत फेरारी आली. एप्रिल २००२ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला सचिनने एकोणतिसावं कसोटी शतक करून ब्रॅडमनशी बरोबरी केली. फेरारी तेव्हा फियाटच्या मालकीची आणि सचिन फियाटच्या पालिओची जाहिरात करायचा. जुलैमध्ये सिल्व्हरस्टोनला मायकेल शूमाकरच्या हस्ते त्याला ३६० मोडेना भेट मिळाली. गाडी भारतात आणायची तर आयात शुल्क १२० टक्के, म्हणजे १ कोटी १३ लाख रुपये. सरकारने ते माफ केलं आणि देशभर गहजब झाला. दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली, आणि शेवटी फियाटने ती रक्कम भरली. मला त्या वादात एक गोष्ट खटकली होती. शुल्क कुणी भरायचं यावर रकानेच्या रकाने भरले. ती गाडी मुंबईत चालवायची कुठे, हे कुणी विचारलं नाही. साडेचार सेकंदांत शंभरचा वेग घेणारी गाडी, आणि वांद्र्यात प्रत्येक वळणावर स्पीडब्रेकर.

नऊ वर्षांनी गाडी सुरतेला गेली. २०१२ मध्ये राजेश मापुस्करांचा ‘फेरारी की सवारी’ आला. त्यात एका राजकारण्याच्या मुलाला लग्नाच्या वरातीसाठी सचिनची फेरारी हवी असते. दिग्दर्शकाने नेम अचूक धरला आहे. वरातीत नवरदेवाच्या बुडाखाली घोडा असतो तो कुठे पोचण्यासाठी नसतो. ज्याला बसता येत नाही त्यालाही त्या दिवशी घोड्यावर बसवतात, आणि लगाम दुसऱ्याच्या हातात असतो. फेरारीला आपल्याकडे तीच जागा मिळाली. आणि सचिनला स्वतःला कोणती गाडी परत हवी होती? २०२० मध्ये एका मुलाखतीत त्याने सांगितलं, आपली पहिली मारुती ८०० कुणाकडे असेल तर ती परत मिळाली तर आवडेल. जी गाडी रोज चालवली तीच माणसाच्या जिवाला लागते.

झाकून ठेवलेल्या स्पोर्ट्‌स कारचं काय होतं ते कुठल्याही गॅरेजवाल्याला विचारा. बॅटरी उतरते. टायर एकाच जागी दबून चपटे होतात आणि गाडी काढली की धडधडतात. रबरी सील वाळून तेल झिरपतं, टाकीतलं पेट्रोल शिळं होऊन चिकट थर धरतं, ब्रेकच्या तबकड्यांवर गंज चढतो. ३६० मोडेनाचा टायमिंग बेल्ट गाडी दहा किलोमीटर पळो की दहा हजार, तीनेक वर्षांनी बदलावाच लागतो. म्हणजे इथेही न फिरवल्यानेच अडतं. तरी मालक फिरवत नाही, कारण मीटरवरचा प्रत्येक किलोमीटर गाडीची किंमत उतरवतो. कमी चाललेली गाडी महाग, जास्त चाललेली स्वस्त. घोड्याचा हिशोब इथे पुरता उलटा झाला, आणि शौकिनाच्या वागण्यातला सगळा विचित्रपणा या एका उलट्या हिशोबातून निघतो. त्यावर कंपन्यांनी उपाय काढला तो असा: लँबोर्गिनीने उरुस ही उंच, चार दरवाज्यांची गाडी काढली, २०१८ मध्ये ती भारतात तीन कोटींना आली आणि इथे ती त्यांची हुकमी खपाची गाडी ठरली. २०२२ मध्ये फेरारीनेही चार दरवाज्यांची गाडी आणलीच. दोघांनी खड्ड्यांपुढे आणि कुटुंबापुढे मान तुकवली, आणि बरंच केलं.

आता तापीच्या काठी परत. शहादा तालुक्यातल्या सारंगखेड्याला एकमुखी दत्ताचं मंदिर आहे, आणि मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीला, तिथे यात्रा भरते. यात्रेचा घोडेबाजार तीनशे वर्षांहून जुना असल्याचं सांगतात. राजेरजवाडे, सरदार इथून घोडे नेत अशी आठवण आहे. मारवाडी, काठियावाडी, सिंधी, पंजाबी, पांढरा नुकरा असे सगळे घोडे इथे येतात. अलीकडे चेतक महोत्सव म्हणून त्याचा मोठा उत्सव झाला, तंबू आले, स्पर्धा आल्या, कॅमेरे आले. भोवरे, देवमण, पंचकल्याण अशी अंगावरची लक्षणं पाहणारे जाणकार अजून आहेत, आणि तमाशाचे तंबू, शेतीची अवजारं, बैलगाडीची लोखंडी सामग्री विकणारेही आहेत.

गर्दी मात्र जमते ती मोजक्या घोड्यांभोवती. त्यांच्या किमतीचे आकडे वर्तमानपत्रांत कोटींत छापून येतात. असा घोडा ट्रकमधून उतरतो, त्याच्या अंगावर झूल असते, जवळ पंखा असतो, खाण्यात दूध-तूप असतं आणि चाकरीला दोन-तीन माणसं असतात. त्याच्यावर कुणी बसत नाही. त्याची उंची, कान, रंग आणि वंश पाहायचा. पैसा आहे तो घोड्या फळवण्यात आणि स्पर्धांत. किंमत विचारली तर मालक हसतो: ‘‘इकाना नही शे भाऊ, दखाडाना शे.’’ विकायचा नाही, दाखवायचा आहे. प्रत्यक्ष सौदे होतात ते पलीकडच्या रांगांत, काही हजारांपासून काही लाखांपर्यंत. ते घोडे वरातीला जातात, टांग्याला जातात, शेतावर फेरी मारायला जातात.

ज्या बाजारातून फेरारीचा पूर्वज वापरायला नेला जात होता, त्याच बाजारात आता घोडा फेरारीसारखा झाकून ठेवला जातो. नात उलटून आजीला वळण लावते, तसं काहीसं. मला हे पटत नाही. वंश टिकवायला चांगला नर जपावा लागतो हे मान्य. मारवाडी घोडा बऱ्याच अंशी अशा शौकिनांच्या पैशावर टिकला हेही मान्य. पण ज्या घोड्यावर खोगीर चढलेलं नाही त्याची चाल कुणी पाहिली? चाल न पाहता निवडलेल्या नरांची पैदास चार पिढ्या झाली तर कान सुरेख राहतील आणि रेवाल चाल जाईल. आणि याच जिल्ह्यात, अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरांत, काही पाड्यांवरून दुखणाईत बाई अजूनही बांबूच्या झोळीतून उचलून रस्त्यापर्यंत आणावी लागते; नर्मदेकाठच्या गावांना तरंगता दवाखाना लागतो. पाय मजबूत असलेल्या, रोज चालणाऱ्या जनावराची किंमत त्या डोंगरात आजही कळते.

पुढच्या दत्तजयंतीला सारंगखेड्याला घोडा घ्यायला जाणार असाल, तर एवढं करा. भोवरे पाहून झाले, कान पाहून झाले, की मालकाला खोगीर चढवायला सांगा आणि स्वतः बसून तापीच्या काठाने अर्धा तास फिरवून आणा. नाही म्हणाला, तर पुढच्या राहुटीकडे वळा.